पहाटे पाना लावला की फिटिंग आट्यातच का तुटते?

डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीची लाईन (वीज) येते, गव्हाचं किंवा हरभऱ्याचं ओलित सुरू होतं आणि पहाटे पाचच्या सुमारास पंपाजवळच्या नाहीतर फिल्टरजवळच्या एमटीएतून, म्हणजे बाहेरून आटे असलेल्या प्लास्टिकच्या जोडातून, बारीक धार उडताना दिसते. पाना लावून पाव फेरा आवळायला जावं तर ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो. अर्धी फिटिंग हातात, अर्धी लोखंडी सॉकेटात. दिवाळीत बसवताना याच फिटिंगने याच पान्याचा याहून जास्त जोर सोसलेला असतो. दुकानदार म्हणतो, जोरात आवळली असेल. शेतकरी म्हणतो, माल हलका होता. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, पण नवीन फिटिंग आणून तशीच बसवली की पुढच्या थंडीच्या लाटेत पुन्हा तेच.

पुढचं सगळं अर्धा ते दोन इंची यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) फिटिंगबद्दल आहे: एमटीए (बाहेरून आटे), एफटीए (आतून आटे), नेपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला आखूड तुकडा), बॉल व्हॉल्व्ह. तुषारच्या कपलर (पाईप जोडणारा क्लिपचा जोड) आणि सॅडलबद्दल (पाईपवर बसणारं, फांदी काढायचं खोगीर) शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, कारण त्यांचं प्लास्टिक वेगळं.

तुटका तुकडा फेकू नका

तो धुवा, पुसा आणि उजेडात धरा. आधी दोन्ही तुकडे जुळवून पाहा. ते तंतोतंत बसले, कडेला कुठे पांढरट ओरखडा नाही आणि तुटलेली बाजू स्वच्छ असेल, तर प्लास्टिक जराही न ताणता फुटलं आहे. थंडीतली तूट बहुतेक अशीच असते. कडा ओढल्यासारख्या, पांढरा पट्टा उमटलेला आणि तुकडे नीट जुळत नसतील, तर प्लास्टिक आधी सैलावलं आणि मग तुटलं. तिथे थंडीला दोष देऊ नका, नुसता जोर जास्त झाला.

मग भेग कुठून कुठे गेली ते पाहा. एमटीए खांद्याजवळच्या शेवटच्या आट्यातून गोल कापल्यासारखी तुटली असेल, तर पीळ आणि वाकवण्याचा जोर दोन्ही त्या एका खाचेवर आले आहेत. तुटलेल्या कडेवर कौलारू छपरासारखे बारीक उतरते दात दिसले, तर त्यात पिळाचा वाटा मोठा. भेग तिरकी, साधारण ४५ अंशात गुंडाळत गेली असेल तर तो निव्वळ पीळ. बॉल व्हॉल्व्हच्या दांडीची तूट बहुधा अशी असते. एफटीए मात्र पाईपच्या दिशेने उभी चिरते, आणि तिचं कारण पूर्ण वेगळं आहे: आत घुसलेल्या आट्यांनी तिला पाचरीसारखं आतून फाकवलेलं असतं.

सगळ्यात उपयोगी खूण पुष्कळदा नजरेतून सुटते. तुटलेल्या बाजूवर कडेला एखादी मळकट, तांबूस किंवा क्षाराने पांढरी झालेली अर्धचंद्राकृती जागा आहे का पाहा. असेल तर ती भेग आजची नाही. बसवतानाच किंवा मागच्या हिवाळ्यात ती पडली, पाणी-माती तिच्यात मुरली, आणि आजच्या पाव फेऱ्याने उरलेला भाग तेवढा गेला. अशा वेळी पहाटे पाना धरणाऱ्यावर खापर फोडण्यात अर्थ नसतो.

साच्यात प्लास्टिक जिथून ओततात तिथे फिटिंगवर एक छोटी गोल खूण राहते. तिच्या बरोबर समोरच्या बाजूला प्लास्टिकचे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात आणि तो सांधा कच्चा राहू शकतो. भेग नेमकी त्या रेषेतून सरळ गेली असेल, आणि एकाच पेटीतल्या दोन-तीन फिटिंग तशाच गेल्या असतील, तर मालाबद्दल तक्रार करा. अशा वेळी तुकडा हाच पुरावा.

आटा म्हणजे खाच

गोल वस्तूला पीळ दिला की तिच्या पृष्ठभागावर ४५ अंशात ओढ तयार होते. साध्या नळीवर ती सगळीकडे सारखी वाटली जाते. आटे पाडलेल्या नळीवर ती आट्याच्या तळाशी एकवटते, आणि तळ जितका टोकदार तितकी जास्त. अर्धा आणि पाऊण इंची पाईपच्या आट्यात एका इंचाला १४ आटे असतात, खोली साधारण १.१६ मिमी आणि तळाची गोलाई सुमारे ०.२५ मिमी. एक इंच आणि त्यापुढे इंचाला ११ आटे, खोली १.४८ मिमी, गोलाई सुमारे ०.३२ मिमी. प्रयोगशाळेत प्लास्टिक खाचेला किती भितं हे तपासायला जी प्रमाणित खाच पाडतात तिच्या टोकाची गोलाईही ०.२५ मिमीच असते. म्हणजे अर्धा इंची एमटीए ही दुकानातून आणलेलीच चाचणीची खाच, फक्त गोल फिरवलेली. साच्याची कड झिजलेली किंवा नव्याने घासलेली असेल तर तळ याहूनही टोकदार निघतो.

यूपीव्हीसीला खाच पाडली नाही तर ते चिवट प्लास्टिक आहे. दोन मिमी गोलाईच्या खाचेलाही ते फारसं भीत नाही. पण खाच टोकदार झाली की त्याची धक्का सोसण्याची ताकद एकदम कोसळते. उन्हात, ३०-३५ अंशांना, आट्याच्या तळाचं प्लास्टिक थोडं सैलावतं, खाच बोथट होते आणि जोर आजूबाजूला वाटला जातो. थंडीत तेच प्लास्टिक कडक होतं. सैलावायला लागणारा जोर वाढतो, भेग अडवण्याची ताकद मात्र घटते. मग सैलावण्याआधी फुटण्याची पाळी येते. म्हणून थंडीतली फिटिंग हाताला जास्त मजबूत लागते, आणि तिथेच फसगत होते.

झटका हा थंडीचा सख्खा भाऊ. हळू पीळ दिला तर प्लास्टिकला सैलावायला वेळ मिळतो, हिसका दिला तर मिळत नाही. ८ अंशांना हळू फिरवलेली फिटिंग निभावून जाईल आणि २० अंशांना पान्याच्या दांड्यावर लाथ मारली तर तीच फुटेल.

जाड फिटिंग घेतली की प्रश्न सुटला असंही नाही. जाड भिंतीत खाचेच्या तळाच्या प्लास्टिकला बाजूने आकसायला जागा मिळत नाही, त्यामुळे ते सैलावण्याऐवजी चिरण्याकडे झुकतं. जाडीने पाण्याचा दाब सोसण्याची ताकद नक्की वाढते, पण खाचेची भीती तेवढ्याने जात नाही. हातात वजन भरतं म्हणून माल चांगला, हेही खरं नव्हे. पीव्हीसीची घनता सुमारे १.४ आणि त्यात मिसळतात त्या खडूच्या पावडरीची २.७. भरपूर खडू घातलेली फिटिंग उलट जड लागते आणि थंडीत लवकर जाते.

विदर्भात याला आणखी एक जोड आहे. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बांधावर उघड्यावर पडलेली फिटिंग दोन-तीन उन्हाळे खाते, तिची वरची कातडी भुरकट आणि कडक होते, आणि नखाने खरवडली की पावडर निघते. भेग अशा कातडीतून सहज सुरू होते. मे महिन्याने केलेलं नुकसान मग जानेवारीत दिसतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. तेवढी थंडी रोज नसते, पण ८-१० अंशांच्या रात्री दरवर्षी येतात. निरभ्र रात्री उघड्यावरचा पाईप हवेपेक्षाही दोन-चार अंश थंड होतो, म्हणून मोबाईलवरच्या तापमानावर विसंबू नका.

ती गळती खरी गळती आहे का?

पाना उचलण्याआधी या प्रश्नाचं उत्तर मिळवा. बहुतेक फिटिंग इथेच वाचतात.

पीव्हीसी तापमानाने लोखंडाच्या जवळपास सहापट आकुंचन-प्रसरण पावतं. दुपारी ३५ अंशांना एक इंची एमटीए लोखंडी सॉकेटात बसवली आणि पहाटे ती १० अंशांवर आली, तर ती लोखंडापेक्षा व्यासात सुमारे ०.०५ मिमी जास्त आकसते. दिसायला काहीच नाही. पण हे आटे उतरते असतात, १६ मिमी लांबीला व्यासात १ मिमी उतार. त्या हिशेबाने ०.०५ मिमी म्हणजे जवळपास ०.८ मिमी आत जाण्याइतकं अंतर, म्हणजे एक तृतीयांश फेरा. पहाटे जो पाव फेरा आवळावासा वाटतो तो हाच. तो आवळला आणि फिटिंग वाचली, तर दुपारी प्लास्टिक फुगतं आणि तो फेरा आट्यांच्या तळावर चढतो. पुढच्या पहाटे पुन्हा थेंब, पुन्हा पाव फेरा. असं चार-पाचदा झालं की ती फिटिंग कधीतरी जाणारच.

तपासणी सोपी आहे. हिवाळ्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं. खोल बोअरचं पाणी तर बारमाही २५ अंशांच्या पुढे असतं, म्हणूनच पहाटे पाटाच्या पाण्यावर वाफ दिसते. पंप चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहू द्या. फिटिंग आतून गरम झाली आणि थेंब थांबले, तर ती थंडीची गळती. तिला हात लावायचा नाही. तरीही धार कायम राहिली तर पंप बंद करून, दाब उतरवून, दुपारी काम काढा. चालू दाबाखाली कधीच आवळू नका. दाबाची ओढ आधीच आट्यावर असते आणि पीळ तिच्यात मिळतो.

उलटी जोडणी, म्हणजे प्लास्टिकची एफटीए आणि तिच्यात लोखंडी नेपल, थंडीत गळत नाही. इथे प्लास्टिक लोखंडावर आवळलं जातं. मात्र त्याने भिंतीवर गोलाकार ताण वाढतो आणि एखाद्या रात्री, कोणी हात न लावता, एफटीए उभी चिरते. सकाळी शेतात गेल्यावर बाहेर तळं साचलेलं दिसतं आणि गावात कोणीतरी खोडसाळपणा केला असा संशय येतो. ही जोडणी मुळात करूच नये. प्लास्टिकची बाजू नेहमी आत जाणारी ठेवा, लोखंड किंवा पितळ बाहेरून. दुसरा इलाज नसेल तर बाहेरून स्टीलची कडी असलेली किंवा पितळी आटे साच्यातच बसवलेली एफटीए घ्या. पंपाचं तोंड, फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून घेणारं साधन) अशा वारंवार उघडाव्या लागणाऱ्या ठिकाणी पितळी आट्यांची फिटिंगच परवडते. महाग वाटते, पण एका रात्रीचं बुडालेलं ओलित त्याहून महाग.

पाईपही ओढतो. सहा मीटरचा यूपीव्हीसी पाईप २५ अंशांनी थंड झाला तर सुमारे १० मिमी आखूड होतो. दोन्ही टोकं काँक्रीटच्या ठोकळ्यात किंवा लोखंडी पाईपला पक्की असतील आणि मध्ये खेळायला जागा नसेल, तर २ मिमी भिंतीच्या ६३ मिमी पाईपमधून दीडशे-दोनशे किलोंची ओढ टोकाच्या एमटीएवर येते. कालांतराने प्लास्टिक थोडं सैलावतं आणि ही ओढ उतरते, पण थंडीच्या पहिल्या लाटेत नाही. लाईन खोदून किमान दीड-दोन फूट खाली घाला, किंवा पंपाजवळ एक एल्बो देऊन पाईपला थोडं हलू द्या.

बसवताना

वेळ निवडता येत असेल तर सकाळी अकरा ते चार. रात्रीच करणं भाग असेल तर फिटिंग आधी गरम करा. पातेल्यात ४०-४५ अंशांचं पाणी घ्या, म्हणजे हात बुडवला तर सोसवेल इतकं, आणि त्यात फिटिंग पाच मिनिटं ठेवा. तीन-चार मिमी भिंतीत ऊब आतपर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरतो. लोखंडी सॉकेटावरही तेच पाणी ओता, नाहीतर ते प्लास्टिकमधली ऊब लगेच ओढून घेतं. मग आटे पुसून दोन-तीन मिनिटांत काम संपवा. काही नसेल तर विहिरीतून बादलीभर पाणी शेंदा, तेही हवेपेक्षा बरंच बरं. उकळतं पाणी नको, ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडून आटे वाकडे होतात. शेकोटीवर तर मुळीच धरू नका. एक बाजू करपते, दुसरी थंडच राहते, आणि जळत्या पीव्हीसीचा धूर नाकाडोळ्यांना झोंबणारा आम्लाचा असतो.

लोखंडी आट्यांवरचा गंज आणि बर (कापताना राहिलेली धारदार कड) तारेच्या ब्रशने काढा. नव्याने काढलेल्या जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपच्या आट्याची पहिली कड तिकोनी कानशीने बोथट करा, ती प्लास्टिकवर ओरखडा ओढते आणि प्रत्येक ओरखडा ही नवी खाच.

टेफ्लॉन टेप अर्धा-पाऊण इंचाला ३ वेढे, एक ते दोन इंचाला ४-५. आट्याच्या तोंडाकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने, अर्धा अर्धा पदर चढवत, पहिला आटा मोकळा ठेवून. दहा-बारा वेढे घालण्याची सवय सोडा. टेप फक्त फट भरत नाही, ती घसरणही वाढवते. तितक्याच जोरात फिटिंग जास्त आत जाते आणि पाचर जास्त बसते. म्हणूनच टेप लावल्यावर हाताला किती कडक लागतं यावर भरवसा ठेवता येत नाही, फेरे मोजावे लागतात. सुतळी-सफेदा लोखंडाला ठीक, प्लास्टिकला नको. सुतळी पाणी पिऊन फुगते. आट्यांवर सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) लावणं तर सर्रास चालतं, ते बंद करा. ते आट्याच्या तळाशी साचून राहतं, प्लास्टिक मऊ करतं, आणि ती फिटिंग पुन्हा उघडतही नाही.

आता फेरे. दोन्ही हातांनी, पान्याशिवाय, हळू फिरवत जिथवर जाईल तिथवर न्या आणि मार्करने दोन्ही भागांवर एक सरळ रेघ मारा. तिथून पुढे एक ते दीड फेरा, बस्स. यासाठी दातेरी पाईप पाना नको. त्याचे दात फिटिंगच्या अंगावर ओळीने खाचा पाडतात. पट्टा पाना वापरा, किंवा जुनी सायकलची ट्यूब दोन वेढे गुंडाळून त्यावर पकड घ्या. दुसऱ्या हाताने समोरचा भाग धरा, म्हणजे पीळ टीमधून पुढच्या पाईपपर्यंत जाणार नाही. शेवटचा अर्धा फेरा सावकाश, दहा सेकंद घेऊन.

१८ इंची पान्याचं गणित एकदा पाहून ठेवा. पकड ४० सेंमीवर आणि ओढ २५ किलोंची, तर पीळ सुमारे १०० न्यूटन-मीटर. अर्धा इंची एमटीएला आट्याच्या तळाशी १८.६ मिमी व्यास उरतो. भोक १३ मिमी धरलं तर, खाच नाहीच असं समजूनसुद्धा, साधं पीव्हीसी ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास सैलावतं. म्हणजे त्याच पान्यावर ९ किलोंची ओढ. खाच आणि थंडी धरली तर मर्यादा आणखी खाली. धडधाकट माणसाला ९ किलो लावल्याचं कळतही नाही.

एल्बो किंवा व्हॉल्व्हचं तोंड हव्या दिशेला आणताना सगळ्यात जास्त मोडतोड होते. दीड फेरा झाला, तोंड मात्र उलट्या बाजूला. मग अजून पाऊण फेरा रेटला जातो. मागे फिरवलं तर टेप सुटते आणि गळतं, म्हणून कोणी मागे फिरवत नाही. यावर इलाज एकच, तिथे युनियन (पाईप न फिरवता उघडता-जोडता येणारा जोड) टाका, किंवा आट्यांचं काम आधी संपवून सोल्युशनचा जोड नंतर करा, दिशा त्या जोडात साधते. थंडीत सोल्युशनला वाळायला नेहमीच्या दुप्पट वेळ द्या.

बारीक प्लास्टिक पाईपवर जी.आय.ची डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे काढू नका. २.५ मिमी भिंतीत १.१६ मिमी खोल आटा म्हणजे जवळजवळ अर्धी भिंत गेली. आट्यांची गरज असेल तर साच्यातली फिटिंग चिकटवा. घेताना सॉकेट फिटिंगवर आय.एस. ७८३४ चा शिक्का पाहा.

बॉल व्हॉल्व्हची दांडी

हा निव्वळ पिळाचा प्रकार. दांडीला रबरी रिंग बसवायला एक गोल खोबण असते आणि हँडल बसतं तिथे चौकोनी डोकं. खोबणीचा तळ आणि चौकोनाचे कोपरे, दोन्ही टोकदार. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, आणि जिथे बोअरचं पाणी जड आहे तिथे व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने एकाच स्थितीत राहिला की गोळ्याभोवती क्षार बसतात. पहाटे हँडलला पाईप घालून फिरवलं की दांडी तिरकी तुटते. गोळा तसाच अडकलेला राहतो आणि लाईन बंदही होत नाही, उघडतही नाही.

हँडलला पाईप कधी घालू नका. आधी कोमट पाणी ओता. मग पाच-दहा अंश इकडे, पाच-दहा अंश तिकडे असं हलवत सोडवा, एका दमात पाव फेरा नको. तरी हलत नसेल तर दोन्ही बाजूंनी दाब उतरवा, युनियन खोला, आणि लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून त्यात व्हॉल्व्ह तासभर बुडवून ठेवा. क्षार सुटतात. महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडझाप केला तर ही वेळ सहसा येत नाही.

तुषारचे कपलर, सॅडल

तुषारचे काळे पाईप एचडीपीईचे. ते थंडीला भीत नाहीत, त्यांचं कडक होण्याचं तापमान शून्याखाली शंभराच्याही पलीकडे आहे. सॅडल आणि कॉम्प्रेशन फिटिंग मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि ते शून्याच्या आसपासच कडक होतं. म्हणजे ५-६ अंशांच्या पहाटे ते अगदी काठावर असतं. लाईन दुसऱ्या वावरात हलवताना रायझरला (तुषार तोटीच्या उभ्या नळीला) धरून पाईप पिळू नका. पाऊण इंची जी.आय. रायझर तीन फूट लांब असेल तर तो तीन फुटांची तरफ आहे. क्लिप पायाने ठोकून उघडू नका, अडकलेल्या कपलरवर कोमट पाणी ओता. सॅडल घेताना तोंडाभोवती स्टीलची कडी असलेली घ्या.

बोअरच्या आतला कॉलम पाईप (मोटार ज्याला टांगलेली असते तो उभा पाईप) आट्यातून तुटला तर मात्र थंडीवर ढकलू नका. खाली तापमान वर्षभर सारखंच असतं. तिथे मोटार सुरू होतानाचा उलटा पीळ, अर्धवट बसलेले आटे किंवा वर-खाली करताना पडलेला ओरखडा तपासा.

माल की पद्धत, घरच्या घरी ठरवा

एकाच पेटीतल्या चार फिटिंग घ्या. दोन अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, दोन ३० अंशांच्या पाण्यात. जुना लोखंडी सॉकेट वाईसमध्ये पकडा, फिटिंगला टेपचे तीन वेढे द्या, हाताने बसवा, रेघ मारा. पट्टा पान्याला ३० सेंमीवर धान्य तोलायचा लटकता काटा अडकवून सावकाश ओढा आणि तुटेपर्यंतचे फेरे व किलो लिहून ठेवा. किलोला ३ ने गुणलं की न्यूटन-मीटर. डोळ्यांना चष्मा हवाच, तुकडे उडतात. थंड जोडी उबदार जोडीपेक्षा बरीच लवकर गेली तर नेहमीचा थंडीचा प्रकार, वरची काळजी पुरेल. चारही दीड फेऱ्याच्या आतच, साच्याच्या रेषेतून गेल्या तर पेटी परत करा.

अडकलेला तुकडा काढणं

लोखंडी सॉकेटात राहिलेला तुटका आटा छिन्नीने ठोकून काढू नका, सॉकेटचे आटे खराब होतात. बाहेरून कोमट पाणी ओता, जुनी तिकोनी कानस तुकड्याच्या भोकात हलकी ठोकून अडकवा आणि पान्याने उलटी फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यात येतो. नाही आला तर हॅकसॉचं सुटं पातं आत घालून समोरासमोर दोन चिरे पाडा. पांढऱ्या भुकटीत लोखंडाची करडी भुकटी दिसायला लागली की थांबा, पुढे कापू नका. मग स्क्रू-ड्रायव्हरने एक पाकळी आत दुमडा, दुसरी आपोआप सुटते. नवीन फिटिंग लावण्याआधी सॉकेटात एकदा बोट फिरवा. तळाशी प्लास्टिकचा एखादा कपचा राहिला तर नवी एमटीए तिरकी चढते आणि एका बाजूच्या आट्यावर सगळा जोर येतो.